फुलोऱ्यावर आलेली फवारणी: न्यू ब्रन्सविकच्या ब्लूबेरीचं प्रकरण

कॅनडाच्या पूर्व टोकाला, अटलांटिकला लागून असलेल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात १९७० नंतरची काही वर्षं ब्लूबेरीवाल्यांना फार वाईट गेली. झुडपं फुलायची, पण फळ धरायचं नाही. शेतकऱ्यांनी बोट दाखवलं ते शेजारच्या जंगलावर घिरट्या घालणाऱ्या विमानांकडे. जंगलातल्या एका अळीसाठी मारलेलं औषध वाऱ्याबरोबर ब्लूबेरीच्या शेतांवर येत होतं आणि फुलांवरच्या माश्या मरत होत्या. पुढे हे प्रकरण कीटकशास्त्रज्ञांकडे गेलं, कोर्टात गेलं, आणि कीटकनाशकाने परागीभवन कसं मोडतं याचा एक बारकाईने तपासलेला दाखला म्हणून अभ्यासकांच्या परिचयाचं झालं. डाळिंबाच्या बागेत मधमाश्यांच्या पेट्या ठेवणाऱ्या किंवा बियाण्यासाठी कांद्याचे डेंगळे (फुलांचे दांडे) धरणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्यापर्यंत ते पोचायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी पीक समजून घेऊ, कारण ते आपल्या ओळखीच्या बागेसारखं नाही. प्लास्टिकच्या डबीत मिळणारी टपोरी ब्लूबेरी बहुधा उंच झुडपाची आणि लावून वाढवलेली असते. न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कॉशिया आणि अमेरिकेतलं मेन राज्य इथली मुख्य ब्लूबेरी मात्र रानटी, गुडघ्याच्याही खाली राहणारी. शास्त्रीय नाव व्हॅक्सिनियम अँगुस्टिफोलियम. ही कोणी लावत नाही. जंगल तोडलं किंवा जळालं की आधीपासून तिथे असलेली झुडपं जमिनीखालच्या आडव्या खोडांनी पसरत जातात. शेतकऱ्याचं काम म्हणजे तण काढून त्यांना जागा मोकळी करून देणं. जमीन आम्लधर्मी लागते, सामू साधारण ४ ते ५, म्हणजे आपली बहुतेक पिकं जिथे पिवळी पडतील तिथे ही खुशीत वाढते.

पिकाचं चक्र दोन वर्षांचं आहे. पहिल्या वर्षी शेत जाळतात किंवा जमिनीलगत छाटतात. त्या वर्षी नुसते फुटवे येतात आणि थंडीच्या आधी त्यांच्या शेंड्यांकडे फुलकळ्या तयार होतात. दुसऱ्या वर्षी मे-जूनमध्ये फुलं, ऑगस्टमध्ये तोडणी. म्हणजे एखाद्या तुकड्यावरचा एक फुलोरा वाया गेला, की त्या तुकड्याला पुन्हा फुलोरा यायला दोन वर्षं थांबावं लागतं.

आणि फुलोरा वाया जाण्याची शक्यता या पिकात मुळातच जास्त. एका बीपासून उगवलेलं झुडूप जमिनीखालून पसरत काही मीटरचा पट्टा व्यापतं. वरून शंभर झुडपं दिसली तरी तो सगळा पट्टा एकाच झाडाचा. अशा असंख्य पट्ट्यांची गोधडी म्हणजे एक शेत. पानगळीच्या आधी प्रत्येक पट्टा वेगळ्या लालसर छटेचा होतो, तेव्हा हे नुसत्या डोळ्यांनी कळतं. बहुतेक पट्ट्यांना स्वतःचा पराग चालत नाही, शेजारच्या पट्ट्यावरून आणलेलाच लागतो. तो वाऱ्याने येत नाही, कारण ब्लूबेरीचा पराग जड आणि चिकट असतो.

फूल जवळून पाहिलं तर सगळी गोष्ट उलगडते. पांढरी, कधी गुलाबी झाक असलेली, उलट्या टांगलेल्या इवल्याशा घटासारखी फुलं. तोंड अरुंद आणि खाली. आत पुंकेसरांचं कडं असतं, पण परागकोश उकलून पराग मोकळा पडत नाही. प्रत्येक परागकोशाला टोकाशी नळी असते आणि नळीला भोक. पराग बाहेर काढायचा तर फूल हलवावं लागतं, तेही ठरावीक वेगाने. बंबलबी ही जाडजूड, केसाळ रानमाशी फुलाला पायांनी घट्ट धरते, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवते आणि पराग तिच्या पोटावर झडतो. त्या वेळी तिच्या गुणगुणीचा सूर एकदम चढतो. आपल्याकडे वांग्याच्या फुलावर भुंगा बसला की हाच बदललेला आवाज ऐकू येतो, कारण वांगं आणि टोमॅटो यांच्या परागकोशांचीही रचना अशीच आहे. पेटीतल्या मधमाशीला ही थरथर जमत नाही. ती मकरंदासाठी येते आणि जाता जाता थोडा पराग लावून जाते. म्हणून एका भेटीचा हिशेब केला तर बंबलबी आणि जमिनीत घर करणाऱ्या अँड्रीना जातीच्या एकांड्या माश्या तिच्यापेक्षा कितीतरी सरस ठरतात.

हवामानही रानमाश्यांच्याच बाजूचं. प्रांताच्या नैर्ऋत्येला शार्लट काउंटीत, जिथे ब्लूबेरीची जुनी शेतं आहेत, फंडीच्या उपसागरावरून धुकं येतं. जूनची सकाळ गारठलेली असते. पारा १२-१३ अंशांच्या खाली असेल तर मधमाशी पेटीबाहेर पडायला नाखूश असते. बंबलबीची राणी मात्र त्याहून थंड हवेत, पहाटे आणि तिन्हीसांजेलाही फुलांवर असते. तिच्या या वेळा पुढे महत्त्वाच्या ठरणार आहेत.

आता जंगलाकडे वळू. न्यू ब्रन्सविकचा बहुतांश भाग जंगलाखाली आहे आणि लाकूड-कागद हा तिथला मोठा उद्योग. स्प्रूस बडवर्म नावाच्या पतंगाची अळी बाल्सम फर आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या कोवळ्या सुया खाते. साधारण तीस-चाळीस वर्षांनी तिची मोठी लाट येते आणि लागोपाठ काही वर्षं सुया खाल्ल्या गेल्या की झाड वाळतं. १९५२ साली प्रांताने विमानांतून डीडीटी फवारायला सुरुवात केली. या कामासाठी सरकार आणि लाकूड कंपन्या यांनी मिळून फॉरेस्ट प्रोटेक्शन लिमिटेड ही कंपनी काढली. १९५४ मध्ये मिरामिची नदीतली सामन माशांची पिलं मोठ्या संख्येने मेली आणि डीडीटीवर प्रश्न उभे राहिले. साठच्या दशकाच्या अखेरीस डीडीटी मागे पडलं आणि त्याच्या जागी फेनिट्रोथायॉन आलं.

फेनिट्रोथायॉन हे मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरिफॉसच्या गटातलं, ऑर्गॅनोफॉस्फेट औषध. डीडीटीसारखं ते वर्षानुवर्षं मातीत आणि माशांच्या चरबीत साठून राहत नाही. नदीच्या दृष्टीने ही खरोखरच सुधारणा होती आणि ज्यांनी हा बदल केला त्यांनी तो प्रामाणिकपणे केला, असं मी मानतो. पण मधमाश्यांच्या कुळाला ते अत्यंत विषारी आहे. माशांना वाचवायला निवडलेलं औषध माश्यांच्या मुळावर आलं.

विषारीपणापेक्षाही मोठी अडचण वेळेची होती. बडवर्मची अळी फुटणाऱ्या कळ्यांतून बाहेर येऊन सुया खायला लागते ती मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत. फवारणी तेव्हाच लागू पडते. ब्लूबेरीचा फुलोरा नेमका याच तीन-चार आठवड्यांत. दिवसभरात वारा पडतो तो पहाटे आणि संध्याकाळी, म्हणून विमानं तेव्हाच उडायची. दुसऱ्या महायुद्धातल्या ॲव्हेंजर जातीच्या जुन्या बॉम्बफेकी विमानांना फवारणीचे नोझल लावले होते. बंबलबी राणीची फुलांवर यायची वेळही तीच. मधमाश्या पेटीत असतील म्हणून पहाटेची फवारणी सुरक्षित, हा नियम इथे उपयोगाचा नव्हता.

जूनच्या सुरुवातीला मरणारी बंबलबी कोण असते, हेही पाहायला हवं. मधमाशीच्या वसाहतीत हजारो कामकरी असतात. फवाऱ्यात काही हजार मेल्या तरी राणी आत जिवंत असते आणि पेटी महिन्या-दोन महिन्यांत सावरू शकते. बंबलबीचं तसं नाही. हिवाळ्यातून फक्त राणी जगते आणि वसंतात एकटी बाहेर पडून, एकटीच पराग गोळा करून घरटं सुरू करते. ती मेली की उन्हाळ्यात होणारी सगळी वसाहत आणि शरदात जन्मणाऱ्या पुढच्या वर्षाच्या राण्या, सगळंच त्या सकाळी संपतं. अँड्रीना तर वर्षातून एकदाच, काही आठवडेच उडते. मादी जमिनीत बीळ करते, प्रत्येक कप्प्यात परागाचा गोळा ठेवून त्यावर एक अंडं घालते. थंड, पावसाळी हंगामात अशी अंडी फार तर दहा-वीस होतात. म्हणून लोकसंख्या भरून यायला वर्षं लागतात. दर जूनमध्ये फवारणी होत राहिली तर ती वर्षं मिळतच नाहीत.

फवारणी लहान नव्हती. सत्तरच्या दशकात बडवर्मची मोठी लाट आली आणि १९७६ साली तर चाळीस लाख हेक्टरच्या आसपास जंगलावर औषध पडलं. प्रांताचा हा निम्म्याहून अधिक भाग.

पुरावा कसा उभा राहिला, हा मला या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो. मेलेल्या रानमाश्या सापडत नाहीत. पेटीसमोर मेलेल्या मधमाश्यांचा सडा दिसतो, फोटो काढता येतो. जंगलाच्या कडेला गवतात पडलेली अँड्रीना मुंगी उचलून नेते. त्यामुळे पीटर केव्हन या परागीभवनाच्या अभ्यासकाने जिवंत माश्यांची मोजणी केली. फवारणीच्या जंगलालगतची शेतं आणि फवारणीपासून दूर असलेली शेतं यांत फुलोऱ्याच्या वेळी किती माश्या आणि किती जाती आहेत, याची तुलना केली. फवारणीलगतच्या शेतांत दोन्ही कमी होत्या. त्याचं काम १९७५ मध्ये प्रसिद्ध झालं. मग त्याने उत्पादनाचे आकडे घेतले. शेजारच्या नोव्हा स्कॉशियात तीच झुडपं, तशीच थंडी, पण ब्लूबेरीच्या भागात अशी फवारणी नाही. तिथलं पीक टिकून असताना न्यू ब्रन्सविकचं घसरलं होतं.

यावर सगळ्यांचं एकमत झालं नाही. ब्लूबेरीचं पीक हवामानावर खूप हलतं. फुलोऱ्यात आठवडाभर पाऊस लागला किंवा कमी बर्फाच्या हिवाळ्यात कळ्या करपल्या तरी उत्पादन पडतं. काही संशोधकांनी केव्हनच्या निष्कर्षांना हरकत घेतली आणि नियतकालिकांतून उत्तर-प्रत्युत्तर झालं. ही हरकत रास्तच होती. प्रांताच्या एकूण आकड्यांवरून एका कारणाचं माप काढणं अवघडच. माझ्या मते पारडं फिरवलं ते वेगळ्याच बाजूने आलेल्या कामाने. टोरंटो विद्यापीठाचे प्लाउराइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैर्ऋत्य न्यू ब्रन्सविकमध्ये बंबलबींवर या फवारणीचा परिणाम तपासला आणि १९७८ मध्ये मांडला. १९८० मध्ये त्यांच्याच गटाने जंगलात आपोआप उगवणाऱ्या, कीटकांवर अवलंबून असलेल्या फुलझाडांची फळधारणा पाहिली. फवारलेल्या भागात तीही कमी भरली. या झाडांना ना बाजारभाव, ना मालक, ना नुकसानभरपाईत रस. ब्लूबेरीवाले नुकसान फुगवून सांगतात, हा आक्षेप त्यांना लावता येत नव्हता.

दरम्यान ब्रिजेस ब्रदर्स या ब्लूबेरी उत्पादक कंपनीने फॉरेस्ट प्रोटेक्शन लिमिटेडवर दावा लावला होता. १९७६ मध्ये न्यू ब्रन्सविकच्या न्यायालयाने उत्पादकाच्या बाजूने निकाल दिला. औषध पिकावर पडून पीक जळालं, असा हा दावा नव्हता. औषधाने माश्या गेल्या आणि माश्या गेल्याने पीक गेलं, अशी त्यातली साखळी होती. ज्या माश्यांवर कोणाचीच मालकी नाही त्यांच्या मरणाचं नुकसान शेतकऱ्याचं म्हणून धरलं गेलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

जंगलवाल्यांची बाजूही मांडायला हवी. त्याच सुमारास नोव्हा स्कॉशियाने लोकांच्या विरोधामुळे बडवर्मवर रासायनिक फवारणी न करण्याचं ठरवलं. पुढच्या काही वर्षांत केप ब्रेटन बेटावरची फरची जंगलं मोठ्या प्रमाणावर वाळली. म्हणजे न फवारण्याचीही किंमत होतीच, आणि गिरण्यांवर पोट असलेल्या गावांना ती मोजावी लागली असती. न्यू ब्रन्सविकला फवारायचंच होतं. मग प्रश्न उरला तो फुलोऱ्याजवळ काय करायचं एवढाच.

त्यावर निघालेला मार्ग साधा होता. ब्लूबेरीच्या शेतांभोवती काही किलोमीटरचा पट्टा सोडायचा आणि त्यात फेनिट्रोथायॉन मारायचं नाही. असा पट्टा मिळालेल्या शेतांत पुढच्या काही वर्षांत रानमाश्या परत वाढल्याचं नोंदलं गेलं. सगळ्या जाती एका वेगाने आल्या नाहीत. पुढे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूपासून केलेलं, फक्त अळ्यांच्या पोटात गेल्यावर काम करणारं बीटी औषध बडवर्मसाठी रुळलं. बडवर्मविरुद्ध फेनिट्रोथायॉनची हवाई फवारणी कॅनडाने १९९८ अखेर बंद केली.

या सगळ्यात एक सहज सुचणारा उपाय होता, तो म्हणजे पेट्या आणा. तो झालाही. आजही फुलोऱ्यात ओंटारिओसारख्या दूरच्या प्रांतांतून ट्रक भरून पेट्या न्यू ब्रन्सविकला येतात, आणि मोठ्या क्षेत्रावर त्यांच्याशिवाय भागत नाही. पण पेट्यांचं भाडं दरवर्षी द्यावं लागतं आणि धुक्याच्या सकाळी त्या बंदच राहतात. जे काम शेताच्या कडेची माशी फुकट करत होती, त्याचा खर्च उत्पादकाच्या वहीत कायमचा चढला.

ब्लूबेरीवाले स्वतः फवारत नाहीत असं अजिबात नाही, आणि फुलोऱ्याच्या बाबतीत त्यांचं वेळापत्रक बघण्यासारखं आहे. ब्लूबेरी मॅगट ही फळमाशी जुलैत पिकणाऱ्या फळांत अंडी घालते. पिवळे चिकट सापळे लावून ती दिसली तरच औषध मारतात, आणि तोवर फुलं गळून गेलेली असतात. अलीकडच्या ड्रोसोफिला सुझुकी या इवल्याशा फळमाशीचंही तसंच. तिच्या मादीला करवतीसारखा दातेरी अवयव असतो, त्यामुळे ती पिकत आलेल्या, धडधाकट फळातही अंडं घुसवते. पण तिचा काळ ऑगस्टचा. फुलोऱ्याशी खरी गाठ पडते ती ममी बेरी या बुरशीची.

हा रोग विलक्षण आहे. रोगट फळ आक्रसून कडक, राखाडी होतं आणि गळून हिवाळाभर पालापाचोळ्यात पडून राहतं. वसंतात त्यातून इवले तपकिरी पेले उगवतात आणि त्यांतले बीजाणू उडून उमलत्या पानकळ्यांवर बसतात. पान मान टाकतं, तपकिरी होतं आणि त्यावर राखाडी भुकटी धरते. त्या भुकटीला गोडसर वास आणि शर्करा असते, शिवाय ती अतिनील प्रकाश फुलासारखा परावर्तित करते. तो प्रकाश आपल्याला दिसत नाही, माश्यांना दिसतो. फूल समजून त्या रोगट पानावर येतात, तिथून खऱ्या फुलावर जातात आणि बीजाणू पोचवतात. लेखराज आणि सुझान बत्रा यांनी १९८५ मध्ये ही नक्कल जगापुढे मांडली. फुलात गेल्यावर बुरशी परागनलिकेच्याच वाटेने बीजांडाशयात उतरते. म्हणजे माशी पीकही देते आणि रोगही नेते. तरीही इलाज माशी कमी करण्यात नाही. शेत जाळण्याच्या वर्षी पाचोळ्यातल्या ममी जळून जातात, आणि बुरशीनाशक मारायचंच तर ते कळी फुटतानाच्या ओल्या दिवसांत, फुलं उमलण्याआधी. जाळण्याऐवजी यंत्राने छाटणी करण्याकडे कल वाढला तेव्हा खर्च आणि माती दोन्ही वाचली, पण हा फायदा गेला. मला ही तडजोड नेहमी खटकते.

आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे. बंबलबी हिमालयात आहे, महाराष्ट्राच्या शेतात नाही. आपलं काम आग्या, सातेरी, फुलोरी या मधमाश्या, भुंगे आणि मातीत घर करणाऱ्या छोट्या माश्या करतात. पण डेंगळ्यांच्या फुलोऱ्यात शेजारच्या पिकावर दुपारी औषध चालू असतं, तेव्हा साखळी तीच असते. मग सेटिंग (फळ किंवा बी धरणं) कमी झालं की शेतकरी संजीवकं, बोरॉन, हवामान सगळं तपासतो, माशी तपासायची राहते. ब्लूबेरीवाल्यांकडून घेण्यासारखी तपासणी सोपी आहे. शेताच्या कडेला आणि मध्यभागी काही फांद्यांना दोरा बांधायचा आणि उमललेली फुलं मोजून ठेवायची. तीन-चार आठवड्यांनी त्याच फांद्यांवर धरलेली फळं मोजायची. फुलं भरपूर आणि फळं थोडी असतील तर पुढची पायरी म्हणून काही पिकलेली फळं कापून आतल्या बिया मोजायच्या. ब्लूबेरीत बिया जितक्या जास्त तितकं फळ मोठं. फळं कमी, लहान आणि बियाही मोजक्या असतील तर पराग पुरेसा पोचला नव्हता हे जवळजवळ नक्की. फळं थोडी पण बियांनी भरलेली असतील तर कारण थंडी, पाणी किंवा किडीत शोधावं. डेंगळ्यात एका गोंड्यातली फुलं आणि भरलेलं काळं बी मोजून हेच करता येतं. कडेच्या आणि मधल्या गोंड्यांत फरक दिसला तर शेजारच्या शेतात त्या आठवड्यात काय मारलं होतं, हे त्याच दिवशी जाऊन विचारावं आणि तारखेसह लिहून ठेवावं.